मॅटवर पोरं बसवणं म्हणजे मॅट बांधणं नव्हे

कबड्डीचा हंगाम तोंडावर आला की तालुक्यातालुक्यांत मंडळांच्या बैठका सुरू होतात. अशाच एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी एक मागणी मांडली आणि तिला भरपूर टाळ्या मिळाल्या. खेळाचं साहित्य आणि खेळाडू घेऊन जाणाऱ्या पिकअपला किंवा छोट्या हत्तीला पोलिसांनी आणि आरटीओने रस्त्यात अडवू नये, आणि तसं निवेदन सगळ्या मंडळांनी मिळून द्यावं, अशी ती मागणी. त्यांनी दिलेली कारणं आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली आहेत. मॅट हलकी असते, तिला बांधायचं ते काय? वर आठ-दहा पोरं बसली की ती जागची हलत नाही. इतकी वर्षं आपण असंच नेतोय, कुठं काय झालं? दोन गाड्या करायला मंडळाकडे पैसे नाहीत. आणि पोरं मंडळाची, मॅटही मंडळाची, मग कायद्याने मध्ये पडायचं कारण काय?

या कार्यकर्त्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या पिढीने पदरमोड करून गावोगाव संघ उभे केले आणि त्या संघांतून पोरं पोलिसात, रेल्वेत, बँकांत लागली. पण ही मागणी चुकीची आहे. तिच्यामागचं एक कारण सोडलं तर बाकीची सगळी साफ चुकीची आहेत, आणि जे एक खरं आहे त्यावरचा उपायही वेगळा आहे. निवेदनावर सह्या होण्याआधी हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं, म्हणून लिहितो.

आधी मॅटच्या हलकेपणाचं बघू. एक तुकडा हलका असतो, यात वाद नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि चाळीस मिलिमीटर जाडीचा फोमचा तुकडा चारेक किलोचा भरतो. शाळेतली मुलगीसुद्धा तो डोक्यावर घेऊन मैदानभर फिरते. पण पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटरचं आहे. नुसतं आखलेलं मैदान झाकायचं तरी १३० तुकडे लागतात, बाहेरची मोकळी जागा धरली तर आणखी. १३० तुकड्यांचे झाले ५२० किलो. अर्ध्या टनाचा माल हलका कसा म्हणायचा?

हा माल चढतो कशावर तेही बघा. छोटा हत्ती म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या टाटा एसचा हौदा साधारण २.२ मीटर लांब आणि जेमतेम दीड मीटर रुंद. फाळक्याची उंची ३० सेंटिमीटर. तुकडे आडवे रचले तर एवढ्या हौद्यात दोनच थप्प्या बसतात, प्रत्येकीत ६५ तुकडे. एका थप्पीची उंची होते २.६ मीटर. म्हणजे फाळका थप्पीच्या नवव्या हिश्शापर्यंत पोचतो आणि त्याच्या वरचा सगळा माल उघड्यावर असतो. प्रत्यक्षात पोरं काही तुकडे उभे, काही आडवे कोंबून उंची थोडी कमी करतात. तरी माल केबिनच्या टपाच्या वर निघतोच. आणि केबिनच्या वर जे निघालं ते वाऱ्याच्या तोंडी आलं.

वाऱ्याचा हिशोब कुणीही करू शकेल असा आहे. ताशी ४० किलोमीटरने गाडी जात असेल तर समोरच्या एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ८० ला तोच दाब ३० किलोवर जातो. वरचा तुकडा चार किलोचा, आणि त्याच्या कडेखाली शिरायला टपलेला वारा त्याच्या कितीतरी पट जोराचा. समोरून एखादी लक्झरी बस किंवा कंटेनर वेगात गेला की त्याचा झोत वेगळाच. तुकड्यांचे दाते एकमेकांत अडकलेले असले तर थोडा आधार मिळतो, पण थप्पीत ते अडकवता येतच नाहीत. ते फक्त जमिनीवर अंथरल्यावर अडकतात.

उडालेला तुकडा कुठे जातो, हा प्रश्न बैठकीत कुणीच विचारला नाही. पिकअपच्या मागे रात्री अकरा वाजता कोण असतं? कारखान्यातली दुसरी पाळी संपवून मोटरसायकलवर घरी निघालेला माणूस असतो. दूध घालून परतणारा असतो. मागे बायको, पुढे टाकीवर मूल बसवलेला असतो. अंधारातून एक चौरस मीटरचा निळा तुकडा उलटापालटा होत त्याच्या तोंडावर येतो तेव्हा तो चार किलोचा आहे म्हणून त्याला काही वाटायचं राहत नाही. तो ब्रेक दाबतो किंवा हँडल वळवतो, आणि त्याच्यामागे ट्रक असतो. आपली गाडी मात्र तोवर पुढच्या वळणाला गेलेली असते. आपल्याला कळतसुद्धा नाही.

म्हणूनच ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्य मला मान्य नाही. काही झालं असतं तर ते आपल्यापर्यंत आलं असतं, हे आपण गृहीत धरलं आहे. मी ज्या पट्ट्यात स्पर्धांना जातो, तिथल्या मंडळांच्या मॅट जरा निरखून बघा. पुष्कळ मॅटवर दोन-चार तुकडे वेगळ्या छटेचे असतात. बाकीची मॅट फिकट पडलेली, आणि मध्येच कोपऱ्यात नवाकोरा गडद तुकडा. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘कमी पडत होते, नवे घेतले.’ कमी का पडले? गोदामातून मोजून निघाले आणि मैदानावर मोजून उतरले नाहीत, ते तुकडे कुठे गेले? ते रस्त्यावर गेले. कुणाच्या पुढ्यात पडले, कुणाच्या चाकाखाली आले, याची नोंद कुठल्याही मंडळाच्या वहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. वर पोरं बसली की मॅट हलत नाही, हा समज आपल्याकडे इतका मुरला आहे की चालकच माल भरून झाल्यावर हाक मारतात, ‘चला, वर बसा रे वजनाला.’ सोळा-सतरा वर्षांची पोरं उड्या मारत चढतात, कारण वरची जागा त्यांना हवीहवीशी असते. मोबाइलवर गाणी लावायची, वारा खायचा, घोषणा द्यायच्या. या वयाच्या आनंदाला मी नावं ठेवत नाही. मी मोठ्यांना विचारतो आहे. ज्यांचं वजन तुम्ही मालाला दाब म्हणून वापरता, त्यांना कशाने बांधलं आहे?

दहा पोरांचं वजन सरासरी ५५ धरलं तर ५५० किलो. त्यात ५२० ची मॅट मिळवा. हजाराच्या वर गेलं. टाटा एसची क्षमता साधारण ७५० किलो. तीनशे किलोचा जादा भार, आणि तो सगळा सर्वांत वर. गाडी उलटायची शक्यता तिच्यावर किती ओझं आहे यापेक्षा ते किती उंचावर आहे यावर जास्त ठरते. खाली ठेवलेलं पाचशे किलोचं सिमेंट गाडीला स्थिर ठेवतं. तेच पाचशे किलो दोन मीटर उंचीवर नेऊन ठेवलं तर पहिल्या तीव्र वळणावर ते गाडीला आपल्याबरोबर ओढतं. शिवाय सिमेंटची गोणी वळणावर एका बाजूला झुकत नाही. पोरं झुकतात. एकाच वेळी, एकाच बाजूला.

ब्रेक लागला की काय होतं? मालवाहतुकीचे जे नियम अमेरिकेत केंद्रीय पातळीवर लागू आहेत, त्यांत बांधणी अशी हवी असं धरलं आहे की जोराचा ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेला सहन झाला पाहिजे, आणि बाजूला व मागे वजनाच्या निम्मा. हा आकडा रस्त्यावरच्या जोराच्या ब्रेकचा आहे, अपघाताचा नाही. आपल्या मॅटला तो लावला तर ब्रेकबरोबर चारशेवर किलोचा जोर केबिनकडे धावतो. वर बसलेल्या ५५ किलोच्या पोराला तोच जोर ४४ किलोने पुढे फेकतो. पोराच्या हाताला धरायला काय असतं? मॅट ज्या दोरीने बांधली तीच दोरी. दोरी सैल पडली की मॅट आणि पोरं एकदमच सुटतात. म्हणजे जो मॅटला रोखायला बसवला, त्याला रोखायची जबाबदारी मॅटच्या दोरीवर. आणि फोमवर बसलेलं पोर प्रत्येक स्पीडब्रेकरला उसळतं. उसळलेल्या क्षणी त्याचा मॅटवर कसलाच दाब नसतो. दाबाची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच.

आपले रस्ते कुठले आहेत याचाही विचार करा. कऱ्हाडहून चिपळूणला जायचं तर कुंभार्ली घाट. कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाट. पुण्याकडे यायचं तर खंबाटकी. एप्रिल २०१८ मध्ये खंबाटकीच्या त्या कुप्रसिद्ध एस आकाराच्या वळणावर मजुरांना घेऊन निघालेलं मालवाहू वाहन उलटलं आणि डझनाहून अधिक माणसं जागच्या जागी गेली. ती खेळाडू नव्हती. पोटापाण्यासाठी कर्नाटकातून आलेली माणसं होती, आणि तीही आपल्या सामानाबरोबर मागच्या उघड्या जागेत बसली होती. घाट माणूस मजूर आहे की रेडर, हे बघत नाही. त्या बातम्या वाचून आपण सगळे हळहळलो होतो. मग तशाच गाडीत, तशाच घाटातून, आपल्या पोरांना न्यायची मोकळीक मागणारं निवेदन आपण कोणत्या तोंडाने द्यायचं?

‘पोरं मंडळाची, मॅट मंडळाची’ हा युक्तिवाद बैठकीत फार पसंत पडला, म्हणून त्यावर थोडं थांबतो. त्यात कायद्याचा एक अर्धा धागा आहे. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, आणि मालवाहू वाहनातून मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला. कुणीतरी हे ऐकलं आणि त्यावरून निष्कर्ष काढला की मॅटवर बसलेली दहाही पोरं मॅटच्या मालकाचे प्रतिनिधीच. हा निष्कर्ष टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात सांगितलं की मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. पुढे २००७ मध्ये चोलेटी भारतम्मा प्रकरणात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसून जाणारा मालक. मालावर चढून बसलेला नव्हे. केबिनमध्ये चालकाशेजारी एक जण बसतो, फार तर दोन. बाकीची पोरं विम्याच्या बाहेर.

याचा अर्थ मंडळाच्या अध्यक्षांनी नीट समजून घ्यावा. अपघात झाला तर पोराच्या आईबापांना जी भरपाई मिळायची तिचा बोजा टेम्पोच्या मालकावर येऊ शकतो. तो मालक बहुतेक वेळा कर्ज काढून एकच गाडी घेतलेला, आपल्याच गावचा माणूस असतो. मंडळावरच्या मायेपोटी डिझेलच्या पैशांत फेरी मारतो. एका रात्रीत एका घरातलं पोर जातं आणि दुसऱ्या घरातली भाकरी जाते. पोलिसांनी अडवू नये असं म्हणणाऱ्यांनी या दुसऱ्या घराचा विचार केलेला नाही.

दंडाचं म्हणाल तर तोही लहान नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात गाडीच्या बाजूने, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर माल बाहेर काढल्यास २०,००० रुपये दंड आहे. मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढायची जी जुनी मुभा होती, ती २०१४ सालीच रद्द झाली. मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं की भागतं, असं अजूनही बरेच जण मानतात. भागत नाही.

हे लाल फडकं सर्वात जास्त दिसतं मल्लखांबाच्या गाड्यांवर, म्हणून त्याबद्दल चार शब्द. मल्लखांब हा गोल, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल तेल मुरलेला लाकडी खांब. दोरीने बांधायला याहून अवघड वस्तू खेळात दुसरी नसेल. अंगाभोवती दोरीचा वेढा टाकला की गाडीच्या हादऱ्यांनी तो हळूहळू मानेकडे सरकतो, आणि तिथे खांब बारीक असल्यामुळे सैल पडतो. बहुतेक ठिकाणी खांबाच्या शेंड्याचं बोंड मागे करून खांब ठेवतात, कारण बोंड केबिनच्या काचेला लागेल ही भीती. त्यामुळे ब्रेक लागला की खांब पुढे सरकतो आणि वेढ्यात त्याचा बारीक भाग येतो. दोर आपोआप सुटा होतो. तेच बोंड पुढे ठेवलं, त्याच्यापुढे जाड गादी आणि फळी उभी केली, आणि खांब केबिनच्या काचेच्या खाली, हौद्याच्या तळाशी ठेवला, तर ब्रेकच्या वेळी जाड अंग वेढ्यात घुसतं आणि दोर आवळतो. खांबाची आखाड्यातली उंची साडेआठ फुटांच्या आसपास. टाटा एसचा हौदा सव्वासात फुटांचा; सरळ ठेवला तर फूटभर मागे बाहेर येणार. कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा मोजला तर हौदा पावणेनऊ फुटांच्या जवळ जातो, पण खांबाची जाडी धरली की तेही ओढाताणीचं होतं. नऊ फुटी हौद्याची पिकअप घेतली की हा सगळा प्रश्नच उरत नाही. लाल फडकंही लागत नाही. पुरायचा खांब लांब असतो, त्याला मात्र मोठीच गाडी हवी.

मॅटलाही हीच गाडी लागते. साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात तुकडे पुस्तकांसारखे उभे लावले तर लांबीच्या एका ओळीत ६८ बसतात. बाजूला उरलेल्या जागेत फाळक्याला समांतर आणखी ३४. असे १०२ तुकडे फक्त एक मीटर उंचीत मावले. उरलेले २८ वर आडवे, दोन थप्प्यांत. एकूण उंची दीड मीटरच्या थोडी वर. टाटा एसवरच्या अडीच मीटरच्या मनोऱ्यापेक्षा एक मीटरने कमी. मॅट तीच, तुकडे तेवढेच, फक्त ती रचायची कशी हे कुणीतरी पंधरा मिनिटं थांबून पाहिलं. ही पंधरा मिनिटं आपण देत नाही, कारण स्पर्धा संपेस्तोवर रात्रीचा एक वाजतो, बक्षीस समारंभ लांबतो, आणि मॅट उचलायला उरतात ती हरलेल्या संघाची दमलेली पोरं.

बांधणीचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांना मी बांधणी काय असते ते सांगतो. बाजारात रॅचेटचे पट्टे मिळतात. पन्नास मिलिमीटर रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा, दोन्ही टोकांना हुक, मध्ये दांडा ओढून आवळायची कळ. एकेक पट्टा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. पट्ट्यावर तुटण्याचा जो आकडा छापलेला असतो तो वापरायचा नसतो. कामाचा भार साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका धरतात. वर ज्या अमेरिकन नियमांचा उल्लेख केला, त्यांत पट्ट्यांचा एकूण कामाचा भार मालाच्या वजनाच्या निदान निम्मा असावा असं म्हटलं आहे. म्हणजे आपल्या मॅटला २६० किलो. चांगले दोन पट्टे हे काम आरामात करतात. मी म्हणेन चार घ्या, दोन आडवे आणि दोन पुढून मागे. चार पट्ट्यांचे चार हजार. ते नीट सांभाळले तर कित्येक हंगाम टिकतात. ज्या स्पर्धेत पाहुण्यांच्या शाली, फेटे, हार आणि साउंड सिस्टीमवर यापेक्षा कितीतरी जास्त खर्च होतो, तिथे चार हजार नाहीत असं कुणी सांगू नये.

दोरी का नको, हेही सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात नायलॉन म्हणून जी पिवळी-निळी दोरी मिळते, ती पुष्कळदा पॉलिप्रोपिलीनची असते आणि उन्हात राहून तिचे धागे भुसभुशीत होतात. खरा नायलॉन भिजला की ताणतो. आणि दोरीत गाठ मारली की गाठीपाशी तिची ताकद जवळजवळ निम्मी होते, गाठ कुणीही मारो. पण सगळ्यात मोठा घोटाळा फोमचा आहे. फोम दबतो. गोदामाच्या दारात करकचून आवळलेली दोरी पंधरा-वीस किलोमीटरच्या हादऱ्यांत बोटभर सैल होते, कारण तिच्याखालची मॅट बसलेली असते. दोरी पुन्हा आवळायची तर गाठी सोडून सगळं नव्याने करावं लागतं, म्हणून कुणी करत नाही. रॅचेटला दांड्याचे दोन हिसके पुरतात. गाव सोडल्यावर पहिल्या पंपावर गाडी थांबवायची, चारही पट्टे पुन्हा आवळायचे, आणि घाट चढण्याआधी आणखी एकदा. पट्टा मॅटच्या कडेला कापू नये म्हणून कोपऱ्यावर लाकडी पट्टी ठेवायची. ताडपत्री घालायची ती पट्ट्यांच्या खाली, वर नव्हे. वर घातलेली ताडपत्री वाऱ्याने फुगते आणि स्वतःच सगळं उपटायला लागते.

आता त्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यातलं जे खरं आहे त्याकडे येतो. गावातल्या पोरांना स्पर्धेला न्यायला दुसरी गाडी नाही, हे खरं आहे. शेवटची एसटी संध्याकाळी निघून जाते आणि सामने रात्री बाराला संपतात. क्रूझर किंवा तुफान भाड्याने घ्यायची तर पोरांच्या आईबापांकडे मागायचं कसं? ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर मार्ग काढणं हे संयोजकांचं काम आहे. पण त्यासाठी मागायचं काय? पोलिसांनी डोळे मिटावेत ही मागणी फुकटची आहे, म्हणून ती सोपी वाटते. तिच्यातून पोरांना गाडी मिळत नाही. त्यांचा धोका तेवढा अधिकृत होतो. मागायचंच असेल तर संयोजकांकडे मागा. प्रवेश फी घेता, तर बाहेरच्या तालुक्यातून येणाऱ्या संघाला प्रवासखर्च द्या. बक्षिसाचा पहिला आकडा थोडा कमी करा आणि सोळा संघांना डिझेलचे पैसे द्या. बाद झालेल्या संघाला रात्री शाळेच्या खोलीत झोपायची सोय करा, म्हणजे पहाटेची एसटी मिळेल. लोकप्रतिनिधींकडे निवेदन न्यायचंच असेल तर तालुका क्रीडा संकुलात स्पर्धेसाठी एक मॅट कायम ठेवावी अशी मागणी त्यात लिहा. मॅट जिथे स्पर्धा तिथेच असेल तर ती वाहायचीच गरज पडणार नाही. प्रत्येक मंडळाची मॅट जिल्हाभर फिरत असते, कारण एकमेकांना मॅट द्यायला आपण कचरतो. ती कुचराई आपली आहे. तिची किंमत पोरांनी टपावर बसून का मोजायची?

आणि पोलिसांबद्दल एक. नाक्यावर आपली गाडी अडवली की त्रास होतो, चिरीमिरीचा अनुभवही येतो, हे मी नाकारत नाही. त्याविरुद्ध तक्रार जरूर करा, जोरात करा. पण गाडी अडवण्यामागचं कारण खोटं असेल तरच ती तक्रार उभी राहते. दहा पोरं मॅटवर बसवून आपण त्या नाक्यावरच्या माणसाच्या हातात खरं कारण देतो, आणि मग आपल्याला तोंड वर करून बोलता येत नाही.

दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल. त्याआधी तुमच्या मंडळाची एक बैठक होईलच. निवेदनाचा विषय तिथे आला तर सही करू नका. त्याऐवजी तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या: मॅट रॅचेटच्या पट्ट्यांनी बांधली जाईल, ती निघताना आणि उतरताना मोजली जाईल, आणि एकही खेळाडू हौद्यात बसणार नाही. टेम्पोचालक भावांनाही माझी कळकळीची विनंती आहे. गाडी तुमची आहे, परवाना तुमचा आहे आणि खटला उभा राहिला तर तो तुमच्यावर राहील. मंडळाचा अध्यक्ष कितीही मोठा असो, मालावर एक जरी पोर बसलेलं दिसलं तरी चावी फिरवू नका.